हजार डॉलरच्या आतला सिनेमा कॅमेरा

एप्रिल २०१३ मध्ये लास वेगासच्या 'नॅब' प्रदर्शनात ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने 'पॉकेट सिनेमा कॅमेरा' जाहीर केला. दिसायला तो सहलीला नेतात तसला साधा फोटोचा कॅमेरा. आत मात्र 'सुपर १६' फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर होता, तेरा स्टॉपच्या डायनॅमिक रेंजचा दावा होता आणि रेकॉर्डिंग थेट प्रोरेसमध्ये होत होतं. किंमत ९९५ डॉलर. त्याआधी सहा वर्षं, २००७ मध्ये हातात पडू लागलेल्या 'रेड वन'ची नुसती बॉडी १७,५०० डॉलरला होती आणि तेव्हा ती किंमतही क्रांतिकारक म्हणून गाजली होती. पॉकेट आल्यावर सिनेमाचा कॅमेरा भाड्यानेच आणावा लागायची सक्ती उरली नाही आणि लघुपट करणारी मुलं तो विकत घेऊ लागली.

त्याच घराण्यातले पुढचे कॅमेरे आज पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतात. म्युझिक व्हिडिओ, जाहिराती, वेब मालिका, लघुपट, आणि थोड्या धाडसाने लग्नंसुद्धा त्यांच्यावर शूट होतात. तरी विकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सहा महिन्यांत निराशा होते. कॅमेरा वाईट नसतो. तो कुठल्या कामासाठी बनवला आहे, हे घेताना कुणी विचारलेलं नसतं.

स्वस्त कॅमेऱ्यावर सिनेमा करणं अर्थातच २०१३ मध्ये सुरू झालं नाही. डेन्मार्कच्या डोग्मे चळवळीतला 'फेस्टन' हा चित्रपट १९९८ मध्ये सोनीच्या घरगुती हँडीकॅमवर झाला. डॅनी बॉइलने '२८ डेज लेटर'मधलं ओसाड लंडन कॅननच्या एक्सएल-१ या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर टिपलं. पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स-१०० ने २००२ मध्ये सेकंदाला २४ फ्रेम ही सिनेमाची चाल साध्या टेपवर आणली. आपल्याकडे याच सुमारास मालेगावात नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला होता. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन केलेली दिसते. कॅमेऱ्याच्या किमतीपायी सिनेमा अडून राहत नाही याचा एवढा झणझणीत पुरावा दुसरा शोधूनही सापडायचा नाही.

मुळात कॅमेऱ्याच्या खर्चाचा हा प्रश्न आपल्याकडे सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांना पटवायला त्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या साथीदारांसह स्वतःच कॅमेरा बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' चित्रित केला. तो १९२० मध्ये पडद्यावर आला.

डिजिटल काळातलं मोठं वळण मात्र कॅननच्या एका फोटोच्या कॅमेऱ्याने घेतलं. २००८ च्या ५डी मार्क टू मध्ये व्हिडिओची सोय बरीचशी वार्ताहरांसाठी होती. लोकांनी तिच्यावर मालिकांचे भाग आणि चित्रपट केले. अमोल गुप्तेंचा 'स्टॅन्ली का डब्बा' हा २०११ चा चित्रपट छायालेखक अमोल गोळे यांनी त्याच्या धाकट्या भावंडावर, ७डीवर, चित्रित केला. शनिवारच्या कार्यशाळांमधून तो घडत गेला आणि आपण सिनेमात काम करतोय हे मुलांना कळलंही नाही. मोठा कॅमेरा, ट्रॉली आणि पंधरा-वीस माणसांचं युनिट वर्गात उभं असतं तर हे जमलं नसतं. आसाममध्ये रीमा दास यांनी लेखन, छायालेखन, संकलन आणि निर्मिती स्वतःच करून 'व्हिलेज रॉकस्टार्स' उभा केला, तोही कॅननच्या ५डीवर. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या दोन्ही उदाहरणांत कॅमेरा स्वस्त होता म्हणून पैसे वाचले, हा भाग दुय्यम आहे. कॅमेरा लहान होता म्हणून समोरची माणसं बिचकली नाहीत, हे जास्त मोलाचं. लहान कॅमेऱ्याचा विचार करताना मी तरी आधी हेच बघतो.

मग 'सिनेमा कॅमेरा' अशी वेगळी पाटी लावून विकण्यासारखं त्यात काय आहे? फोटोचा कॅमेरा व्हिडिओ काढताना बरेच निर्णय आपल्या वतीने घेऊन टाकतो. रंग गडद करतो, कडा तीक्ष्ण करतो, कॉन्ट्रास्ट ठरवतो आणि सगळं दाबून आठ बिटांच्या फाइलमध्ये बसवतो. आठ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. दहा बिटांत त्या १,०२४ होतात, बारा बिटांत ४,०९६. संध्याकाळच्या आकाशाचा निळा रंग क्षितिजाकडे उतरत जातो तिथे आठ बिटांच्या फाइलमध्ये ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळवणी, करताना पट्टे दिसू लागतात ते याच कारणाने. सिनेमा कॅमेरा लॉग किंवा रॉ रेकॉर्ड करतो, म्हणजे सेन्सरला दिसलेलं जवळजवळ तसंच ठेवतो आणि निर्णय पुढे ढकलतो. खिडकीतून येणारं ऊन आणि खोलीतल्या कोपऱ्यातला अंधार दोन्ही एकाच फ्रेममध्ये शाबूत राहतात. कार्डवरची ती फाइल उघडल्यावर मात्र चित्र फिकं, धुरकट, राखाडी दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला कॅमेरा बिघडला असंच वाटतं.

हा पुढे ढकललेला निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो. ब्लॅकमॅजिकच्या स्वस्ताईचं मूळही इथेच आहे. कंपनीने २००९ मध्ये दाविंची सिस्टिम्स विकत घेतली. ज्या ग्रेडिंग यंत्रणेसाठी स्टुडिओ लाखो डॉलर मोजत, तिचं दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर पुढच्याच वर्षी ९९५ डॉलरला विकायला काढलं आणि लवकरच एक आवृत्ती फुकट देऊन टाकली. २०१८ मध्ये १,२९५ डॉलरचा पॉकेट ४के आला तेव्हा त्यासोबत दाविंची रिझॉल्व्हच्या पूर्ण आवृत्तीचा परवाना होता. कॅमेरा, फाइलचा प्रकार, संकलन, ग्रेडिंग ही सगळी साखळी एकाच कंपनीची. ग्राहक एकदा आत आला की बाहेर पडायचं त्याला कारण उरत नाही. धंद्याची ही रीत हुशार आहे आणि निदान या बाबतीत ग्राहकाच्याही फायद्याची ठरली.

पहिल्या पॉकेटमध्ये हाल पुष्कळ होते. सुरुवातीला त्याच्यात कार्ड फॉरमॅट करायची सोय नव्हती, आवाजाची पातळी दाखवणारे मीटर नव्हते. बॅटरी तासभरही नीट टिकायची नाही. सेन्सर लहान म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स १४४ सारखी वागायची, त्यामुळे एका खोलीत वाइड शॉट घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकायची. गंमत म्हणजे याच लहान सेन्सरमुळे जुन्या सोळा मिलिमीटर कॅमेऱ्यांच्या सी-माउंट लेन्स स्वस्त ॲडॅप्टरवर त्याला बसत, आणि कपाटात पडलेल्या कैक लेन्सना नवं आयुष्य मिळालं.

४के मॉडेलने यातलं बरंच सुधारलं. पाच इंची पडदा, यूएसबी-सीवरून थेट बाहेरच्या एसएसडीवर रेकॉर्डिंग, मिनी एक्सएलआर, आणि ४०० व ३२०० असे दोन मूळ आयएसओ. पुढे २०१९ मध्ये सुपर ३५ सेन्सर आणि कॅनन ईएफ माउंटचा ६के आला, २०२१ मध्ये आतच एनडी फिल्टर असलेला ६के प्रो, २०२३ मध्ये फुल फ्रेम आणि एल माउंटचा सिनेमा कॅमेरा ६के. नावात पॉकेट होतं तेव्हाही ४के पासून पुढचा कुठलाच कॅमेरा कुणाच्या खिशात मावला नसता, पण ते असो.

आपल्याकडच्या कामात त्रास कुठे होतो ते आता बघू, कारण जाहिरातीच्या पानात ते नसतं.

पहिला त्रास उन्हाचा. एप्रिलमधल्या दुपारी, आयएसओ ४०० आणि शटर एक पन्नासांश ठेवून लेन्स एफ २.८ वर उघडी ठेवायची असेल तर सुमारे आठ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो. म्हणजे भक्कम एनडी फिल्टर. स्वस्त एनडी दिसणारा प्रकाश अडवतो आणि इन्फ्रारेड तसाच आत सोडतो. मग काळा कोट तपकिरी किंवा जांभळट येतो, आणि ते ग्रेडिंगमध्ये धड निघत नाही. इन्फ्रारेडही अडवणारा चांगला एनडी घ्यायचा तर खिशाला चांगलीच चाट बसते. ६के प्रो मधले आतले दोन, चार आणि सहा स्टॉपचे एनडी म्हणूनच निव्वळ चैन म्हणता येणार नाहीत.

दुसरा त्रास विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर हा पुस्तकी नियम अमेरिकी व्हिडिओत बघून कुणी शाळेच्या वर्गात वापरला की चित्रात प्रकाश धडधडताना दिसू शकतो. शटर १७२.८ अंशांवर ठेवलं की ते बरोबर एक पन्नासांश सेकंद होतं आणि काम भागतं. नाहीतर सरळ २५ फ्रेमवर जावं. ही दोन मिनिटांची माहिती ठाऊक नसल्यामुळे वाया गेलेलं चित्रण संकलनाच्या टेबलावर नेहमी येतं.

तिसरा त्रास डेटाचा, आणि इथे हिशेब मांडूनच बघावा. ४०९६ बाय २१६०, बारा बिट रॉ, २४ फ्रेम, एकास पाच दाबलेलं, म्हणजे सेकंदाला साधारण ६४ मेगाबाइट. तासाला २३० जीबी. वीस मिनिटांच्या लघुपटासाठी दहापट चित्रण केलं तर पाऊण टीबीच्या वर, आणि दोन प्रती ठेवायच्या तर दीड टीबी. दुसरी प्रत चैनीची नाही. ती नसेल तर शूटिंग झालंच नाही असं धरून चालावं. जास्त दाबलेल्या प्रकारात, एकास बारामध्ये, हा आकडा तासाला पंचाण्णव जीबीपर्यंत उतरतो आणि बहुतेक कामांना तेवढं पुरतं. रॉ म्हटलं की सगळ्यात भारी सेटिंगच लावायची, हा हट्ट हौशी मंडळींनी सोडावा.

रॉवरून एक आडवळण. कॅमेऱ्याच्या आतच रॉ दाबून रेकॉर्ड करण्याचं पेटंट रेड कंपनीकडे होतं. ॲपलने त्याला २०१९ मध्ये आव्हान दिलं, पण ते आव्हान टिकलं नाही. ब्लॅकमॅजिकने त्याच सुमारास पॉकेट ४के मधून सिनेमाडीएनजी हा रॉ प्रकार काढून स्वतःचं ब्लॅकमॅजिक रॉ आणलं. त्यात रंग उलगडण्याचं थोडं काम कॅमेराच करून टाकतो, आणि ही वाट पेटंटला वळसा घालायला काढली असं या धंद्यात मानलं जातं. पुढे २०२४ मध्ये निकॉनने रेडच विकत घेतली आणि २०२५ मध्ये रेडच्या रॉचा एक प्रकार देणारा झेडआर हा लहान कॅमेरा सुमारे २,२०० डॉलरला आणला. रेड वन आठवणाऱ्यांना ही किंमत वाचून हसू आलं असेल.

चौथा त्रास म्हणजे बाकीचं सामान. पॉकेट ४केची बॅटरी तासाच्या आत मान टाकते, म्हणून व्ही-माउंट बॅटरी. ती बसवायला केज. पडदा हलत नाही आणि उन्हात दिसत नाही, म्हणून बाहेरचा मॉनिटर. कॅमेऱ्यात स्थिरीकरण नाही, म्हणून गिंबल किंवा शोल्डर रिग. शिवाय एसएसडी, तिचा क्लॅम्प, लेन्स. सगळं जोडल्यावर मूळ कॅमेऱ्याच्या दुप्पट पैसे सहज जातात, आणि लहानपण तर पार गेलेलं असतं. आपल्याकडे आयातशुल्क आणि जीएसटी धरून डॉलरमधली किंमत तशीही फुगलेली असते.

आवाजाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं एकच आहे: वेगळा रेकॉर्डर आणि तो धरणारा वेगळा माणूस. मिनी एक्सएलआर असला तरी. बजेटमध्ये भारी कॅमेरा आणि आवाजाचा माणूस यांपैकी एकच बसत असेल तर आवाजाचा माणूस घ्यावा. प्रेक्षक मळकं चित्र सोसतो, न कळणारा संवाद सोसत नाही.

हे सगळं वाचून कुणी सोनीकडे वळला तर त्यात गैर काही नाही. २०२१ चा एफएक्स३ आणि २०२२ चा १,७९९ डॉलरचा एफएक्स३० हे वेगळ्या घरातून आलेले कॅमेरे आहेत. मिररलेस फोटो कॅमेऱ्याचा ऑटोफोकस, कॅमेऱ्यातलंच स्थिरीकरण, जास्त वेळ चालणारी बॅटरी, आणि वर दहा बिटांचं लॉग. एफएक्स३चा दुसरा मूळ आयएसओ १२,८०० आहे, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांतही काम होतं. गॅरेथ एडवर्ड्सचा 'द क्रिएटर' हा २०२३ चा चित्रपट याच कॅमेऱ्यावर झाला. छायालेखक ग्रेग फ्रेझर आणि ऑरेन सॉफर. तेव्हापासून 'हॉलिवूडवाले हाच वापरतात' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. त्या चित्रपटाचं बजेट सुमारे आठ कोटी डॉलर होतं, लेन्स कोवाच्या ॲनामॉर्फिक होत्या, रॉ बाहेरच्या ॲटॉमॉस रेकॉर्डरवर जात होतं आणि दृश्य परिणाम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकचे होते. स्वस्त कॅमेरा निवडून त्यांनी पैशांपेक्षा चपळाई विकत घेतली. लहान युनिट घेऊन खऱ्या जागांवर जाता आलं, दिवे कमी लागले, नटांना लांब टेक देता आले. हे कारण आपल्याकडच्या लघुपटवाल्यालाही तितकंच लागू आहे. 'तोच कॅमेरा म्हणजे तोच सिनेमा' हे लागू नाही.

आता लग्नं. महाराष्ट्रात व्हिडिओ शूटिंगचा खरा धंदा तिथेच आहे, आणि तिथे पॉकेट जातीच्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट नकाराचं आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा घेता येत नाही. हळदीत पाहुणे धावतात, वरातीत लोक अंधारात नाचतात, कार्यालयात पिवळे, निळे, जांभळे दिवे एकाच वेळी पेटलेले असतात. हलणाऱ्या माणसावर फोकस धरून ठेवणारा ऑटोफोकस पॉकेटला नाही, आणि लग्नात फोकस पुलर न्यायला यजमान पैसे देत नाही. वर दोन दिवसांचं रॉ चित्रण ग्रेड करून महिनाभरात अल्बमसोबत द्यायचं म्हणजे शूटिंगवाल्याचा नफा ग्रेडिंगच्या खोलीतच जिरतो. प्री-वेडिंग शूटची गोष्ट वेगळी. ती छोटी जाहिरातच असते. वेळ हातात असतो, जोडपं सांगू तिथे उभं राहतं. तिथे हा कॅमेरा खुलतो.

माहितीपट या दोहोंच्या मधोमध येतो. मुलाखती, कारागिराचे हात, शेतावरची सकाळ यांना लॉग आणि रॉचा फायदा पुरेपूर मिळतो, कारण चेहऱ्यावरचं ऊन आणि मागचं आकाश दोन्ही वाचतात. पण आषाढात वारीबरोबर चालायचं असेल तर पॉकेट ४के नको. त्याला हवा खेळायला फटी आणि पंखा आहे, पावसापासून संरक्षण नाही.

कथाचित्रण, गाणी, जाहिराती, जिथे प्रकाश आपण लावतो आणि शॉट पुन्हा घेता येतो, तिथे मात्र या किमतीत इतकी खोल आणि ग्रेडिंगला इतकी लवचिक फाइल मिळवायला पूर्वी फार मोठा खर्च यायचा. चेहऱ्याच्या त्वचेचा रंग नीट येतो, विशेषतः आपल्या सावळ्या रंगांच्या छटा, ज्या आठ बिटांच्या फाइलमध्ये मातकट व्हायच्या. हा फरक मला बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. उलट पार्श्वभूमी पार धूसर करून नाक फोकसमध्ये आणि कान बाहेर, अशा शॉटना सिनेमा समजण्याची जी साथ आली आहे, तिला हे कॅमेरे विकणारेच जबाबदार आहेत.

फोनचाही विचार करायलाच हवा. शॉन बेकरचा 'टँजरिन' हा २०१५ चा चित्रपट आयफोन ५एसवर झाला, आणि बॉइलने '२८ इयर्स लेटर'साठी आयफोन १५ प्रो मॅक्सवर बरंच काम केलं. ब्लॅकमॅजिकने स्वतःचं कॅमेऱ्याचं ॲप २०२३ मध्ये आयफोनसाठी फुकट दिलं. शटर, आयएसओ, रंगाचं तापमान हाताने ठरवायला शिकायचं असेल तर आज पहिला खर्च शून्य आहे.

विकत घेणार असाल तर आधी कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणा. एक सीन भर दुपारी बाहेर आणि एक रात्री ट्यूबलाइटखाली शूट करा, डेटा स्वतः उतरवा, त्याच्या दोन प्रती करा आणि ग्रेडिंगही कुणाला न देता स्वतः करून बघा. ते काम करताना रात्र कशी गेली कळलं नाही, तर पॉकेट ४के किंवा ६के प्रो जुन्या बाजारात बघा. कंटाळा आला, तर एफएक्स३० सारखा कॅमेरा घ्या आणि उरलेले पैसे दिव्यांवर आणि आवाजाच्या माणसावर खर्च करा.